आवाज चढतो, गाडी चढत नाही

“आवाज चढतो आणि गाडी पळत नाही, का मुळात आवाजच चढत नाही?”

मामांनी पहिला प्रश्न हा विचारला आणि मला उत्तर देता आलं नाही. मला एवढंच ठाऊक होतं की लेकीच्या अकराव्या वाढदिवसाला घेतलेली ११० सीसीची एटीव्ही आमच्या पन्हाळ्याजवळच्या रानात जांभळापर्यंतची चढण चढत नव्हती. अर्ध्यात दम टाकायची, गचके द्यायची, बंद पडायची आणि पोरीला घेऊन मागे घसरायची. जूनपासून गाडी गोठ्याशेजारच्या पडवीत ताडपत्रीखाली होती. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही पुण्याहून आलो आणि दोन दिवस हेच चाललं होतं. तिसऱ्या दिवशी भाऊबीज. मामा आईकडे जेवायला आले आणि ओवाळून झाल्याबरोबर, पाटावरून उठून थेट पडवीत गेले.

मामांचं कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात सिलिंडर बोअरिंगचं दुकान. अडतीस वर्षं चालवलं, आता मुलगा बघतो. त्यामुळे माझी अपेक्षा साधी होती. फोनमध्ये यादी तयार होती : मोठा कार्ब्युरेटर, मोकळा सायलेन्सर, वेगाची मर्यादा नसलेला सीडीआय आणि सिलिंडर बोअर करून मोठा पिस्टन. यादीतलं शेवटचं काम मामांच्या घरचंच होतं.

“बोअर करून देतो की. सांगशील तेवढा,” मामा म्हणाले. “पण आधी ही गाडी तिच्या अंगात आहे तेवढं तरी देत्येय का, ते बघू. जे आहे तेच निम्मं पोचत नसेल, तर वर आणखी ओतून काय उपयोग?”

“मामा, मुळात अंगातच कमी आहे. सहा-सात हॉर्सपॉवर. शंभर किलोच्या आसपासची गाडी, वर पोरगी. कशी चढणार?”

त्यांनी खाली वाकून इंजिन बघितलं. आडवं सिलिंडर, डोकं पुढच्या चाकांकडे. मग हसले. “अरे, ही तर आपल्या घरातलीच. स्प्लेंडरची चुलत बहीण.”

मला वाटलं, कौतुकानं म्हणतायत. पण ते अक्षरशः खरं निघालं. या चिनी ११० इंजिनाचा बोअर ५२.४ मिलिमीटर आणि स्ट्रोक ४९.५. स्प्लेंडरचा बोअर ५० आणि स्ट्रोक तोच, ४९.५. होंडानं १९५८ साली सुपर कब बाजारात आणली, तेव्हापासून आडव्या सिलिंडरचं हे घराणं चालत आलं आहे. १९८५ ची हीरो होंडा सीडी १०० त्याच घराण्यातली, पुढची स्प्लेंडरही. म्हणजे मामांनी हजारो वेळा हाताळलेलंच इंजिन चार चाकांवर बसून आमच्या पडवीत आलं होतं.

“आता सांग,” ते म्हणाले, “दूधवाला स्प्लेंडरला चाळीस लिटरचे कॅन अडकवून आंबा घाट चढतो का नाही? सातच हॉर्सपॉवरवर?”

“चढतो. पण त्याला चार गिअर असतात. हिला पुढचा एकच.”

“हां. हा मुद्दा बरोबर आहे. लक्षात ठेव, याच्याकडं परत यायचंय.”

मी हार मानणार नव्हतो. मामांच्याच तरुणपणातलं उदाहरण काढलं. आरएक्स १०० सुद्धा ९८ सीसीची, स्प्लेंडर ९७ ची. दोघींचं आकारमान जवळपास एकच. मग एकीची अकरा हॉर्सपॉवर आणि दुसरीची सात कशी? म्हणजे एवढ्याशा इंजिनातून जास्त ताकद काढता येते. करणारा पाहिजे.

“ती टू-स्ट्रोक. क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला आत जाळ होतो. हिच्यात एकाआड एक फेऱ्याला. त्यांची बरोबरी लावू नको,” मामा म्हणाले. “आणि आरएक्सची पोरं माझ्याकडं यायची की. पोर्ट मोठे करून द्या, हेड घासून द्या. दिलं मी. त्यातल्या काही गाड्या परत आल्या गॅरेजला. टेम्पोत घालून. गाडी येते बघ, पोरगं येत नाही. त्याचा बाप येतो.”

यावर मी काही बोललो नाही. आई दारात उभी होती, तीही आत गेली.

मग मामांनी पोरीला गाडीवर बसवलं आणि स्वतः शेजारून चालत गेले. सपाटीवर आवाज चढत नव्हता, भरड यायचा. चढणीला लागल्यावर मात्र वेगळंच. अंगठ्यानं खटका पूर्ण दाबला की आवाज थोडा वर जायचा, पण चाकांना त्याची खबर नसायची. मामा परत आले आणि म्हणाले, “दोन्ही रोग आहेत. एक श्वासाचा, एक पकडीचा. आधी श्वास बघू.”

पुढचे दोन तास मी जे बघितलं, त्यासाठी हा लेख लिहितोय. एअर फिल्टरचा फोम त्यांनी बाहेर काढला तर तो वाळलेल्या चिखलाच्या भाकरीसारखा कडक. प्लग खोलला, टोक काजळीनं काळं कुळकुळीत. “पेट्रोल जास्त, हवा कमी. पांढरा असता तर उलटं. विटकरी-तपकिरी पाहिजे.” मग चोकचा खटका हलवून बघितला. तो अर्ध्यावरच अडकलेला. बाहेरून बंद दिसायचा, आत पडदा अर्धा आडवा. मी पोरीला दोन दिवस “जोरात दाब, जोरात दाब” म्हणून ओरडत होतो आणि गाडीच्या तोंडावर हात ठेवलेला होता.

कार्ब्युरेटरची वाटी उघडली तेव्हा तळाला चहाच्या साईसारखा तपकिरी थर होता. हल्ली पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं आणि ते हवेतलं पाणी ओढून घेतं. पावसाळ्याचे चार महिने टाकी अर्धी भरून ठेवली की खाली हेच साचणार. मामांनी जेट काढले, पेट्रोलमध्ये भिजवले आणि सायकलच्या पंपानं हवा मारली. मी तांब्याची तार पुढे केली तर हात बाजूला सारला. “तार घातली की भोक मोठं होतंय. एक केसभर मोठं झालं की कायमचं बिघडलं.” मग मेन जेट चिमटीत धरून उन्हाकडे केला आणि मलाही बघायला लावलं. त्या पितळी दाण्याच्या मधोमध पूर्ण गोल, स्वच्छ प्रकाशाचा ठिपका होता. एवढ्याशा भोकातून जाणाऱ्या पेट्रोलवर सगळी चढण चढायची असते.

टॅपेट बघितले तर एक्झॉस्टचा एकदम घट्ट. गाडी थंड असताना तिथे ०.०५ मिलिमीटरची फट पाहिजे. ती नसली की इंजिन तापल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि कॉम्प्रेशन निसटतं. मी विचारलं, “एवढ्याशा फटीनं एवढा फरक?” मामा म्हणाले, “कुकरची शिट्टी नीट बसली नाही तर डाळ शिजते का?”

पकडीचा रोग मात्र माझा मीच घातलेला होता. मे महिन्यात मी इंजिन ऑइल बदललं होतं आणि कारच्या सर्व्हिसिंगमधलं उरलेलं चांगल्यातलं, महागातलं ऑइल त्यात ओतलं होतं. महागाचं म्हणजे भारीच असणार अशी माझी समजूत. मामांनी डबा हातात घेऊन वाचला आणि बाजूला ठेवला. या गाड्यांचा क्लच इंजिनच्याच तेलात बुडालेला असतो. कारच्या अनेक तेलांत घर्षण कमी करणारी द्रव्यं घातलेली असतात. ती क्लचच्या पट्ट्यांवर बसली की पट्ट्या धरायच्या ऐवजी घसरतात. दुचाकीच्या तेलाच्या डब्यावर ‘जासो एमए’ असं लिहिलेलं असतं, ते बघूनच घ्यायचं. आवाज चढायचा आणि गाडी चढायची नाही, त्याचं हे मोठं कारण. ताकद तयार होत होती आणि मी ओतलेल्या तेलात विरघळत होती.

राहिली चाकं. मागचा भाग दगडावर उचलून त्यांनी चाक फिरवलं, एका फेऱ्यात थांबलं. ब्रेकच्या पट्ट्या चिखलानं धरून ठेवल्या होत्या. साफ केल्यावर सहा-सात फेरे फिरलं. मग त्यांनी आईच्या शिवणाच्या मशीनमधली टेप मागितली आणि मागच्या दोन्ही टायरांचा घेर मोजला. डावा उजव्यापेक्षा दोन सेंटिमीटर जास्त. मी मोटरसायकलच्या मापावर हवा भरून घेतली होती. या फुगऱ्या टायरांत हवा असते तीन-चार पीएसआय, पंपावरचा साधा गेज तेवढं खाली नीट दाखवतच नाही. आणि मागचा अ‍ॅक्सल एकसंध, कारसारखा डिफरन्शियल नाही. घेर वेगळा असला की दोन चाकं आपापसांत भांडत राहतात आणि त्या भांडणात इंजिनची ताकद जाते. टेप लावून दोन्ही घेर सारखे करण्याची ही युक्ती मला कुठल्याही पुस्तिकेत दिसली नसती.

संध्याकाळी पोरीनं गाडी बाहेर काढली. फोनवर वेग बघितला. सकाळी सपाटीवर २२ किलोमीटरच्या पुढे जात नव्हती, आता ३१ ला गेली. जांभळापर्यंतही पोचली, पण शेवटच्या दहा पावलांत कण्हत. विकत घेतलेली एकच वस्तू होती, दुचाकीच्या ऑइलचा डबा. तोही आईनं रानातल्या पंपासाठी आणून ठेवलेला.

खरा वाद इथून पुढचा.

एटीव्हीच्या उजव्या हँडलवर, अंगठ्याच्या खटक्याजवळ एक बारीक स्क्रू असतो. तो आत फिरवला की खटका पूर्ण दाबताच येत नाही. मुलांच्या गाड्यांना हे मुद्दाम दिलेलं असतं. माझं म्हणणं, आता गाडी निरोगी झाली आहे, स्क्रू काढून टाकू. मामांचं म्हणणं, स्क्रूला हात लावायचा नाही.

“चोक अडकला होता तो बिघाड,” ते म्हणाले. “हा स्क्रू बिघाड नाही, कुंपण आहे. दोन्हींमुळं गाडी हळू चालते म्हणून दोन्ही एकच समजू नको.”

“पण ज्यांनी कुंपण घातलं त्यांनीच ते काढायची सोयही ठेवली आहे ना?” मी या बाबतीत तयारीनिशी आलो होतो. अमेरिकेत तीन चाकी एटीव्हींनी इतकी मुलं जायबंदी झाली की १९८८ मध्ये कंपन्यांना सरकारशी करार करून तीन चाकी विकणं थांबवावं लागलं, आणि सोळा वर्षांखालच्या मुलांना मोठ्या एटीव्ही नकोत हेही मान्य करावं लागलं. मुलांच्या गाड्यांचे वयोगट तिथे ठरलेले आहेत. सहा वर्षांवरच्या गटाला स्क्रू लावून ताशी १० मैल, काढून १५. दहा वर्षांवरच्या गटाला लावून १५, काढून ३०. म्हणजे २४ आणि ४८ किलोमीटर. “माझी पोरगी अकराची. तिच्या गटाला ४८ पर्यंत मुभा आहे, मामा.”

“मुभा कधी? वाढदिवस झाला म्हणून, का गाडी कळली म्हणून? तिला वळणावर अंग आत टाकायला कोणी शिकवलंय? उतारावर मागं सरकून बसायला?”

“शिकेल. पण जी गाडी चढणीवर मध्येच मरते, तिच्यावर काय शिकणार? मागे घसरणं हा धोका नाही का? काल ती रडली. वेगाला घाबरून नाही, गाडी मागे जायला लागली म्हणून.”

मामा गप्प झाले. मी पुढे म्हणालो, आणि हे आजही मला पटतं, “तुमच्या स्क्रूला सपाटी आणि चढण यातला फरक कळत नाही. सपाटीवर तो वेग अडवतो, ते चांगलं. पण चढणीवर, जिथं वेग नसतोच, तिथं तो ओढ अडवतो. जिथं पोरीला ताकद पाहिजे तिथंच तो हात धरतो. कुंपण असावं, पण ते विहिरीभोवती. घराच्या दारात नको.”

मुलांची गाडी म्हटलं की आपल्याकडे दोनच टोकं दिसतात. एक बाप सगळे स्क्रू काढून टाकतो आणि मोबाइलवर चित्रीकरण करतो. दुसरा गाडीच घेऊन देत नाही. मी पहिल्या टोकाकडे झुकलेला होतो, हे मला कबूल आहे. पण कमजोर गाडी म्हणजे सुरक्षित गाडी, हे मला तेव्हाही पटलं नव्हतं आणि आजही पटत नाही. जी गाडी सांगितलेलं ऐकत नाही ती धोक्याचीच, मग ती जास्त पळो की कमी.

बऱ्याच वेळानं मामा म्हणाले, “सकाळी तू गिअरचा मुद्दा काढला होतास.”

“हो. हिला एकच गिअर.”

“मग तोच एक गिअर बदलू. तुला वेग पाहिजे का ओढ?”

“चढणीवर ओढ.”

“मागं स्प्रॉकेट किती दात्यांचं?”

आम्ही बॅटरीच्या उजेडात मोजले. पुढे १४, मागे ३७. मामांनी खडूनं पडवीच्या कोब्यावर हिशेब मांडला. मागे ४१ दात्यांचं बसवलं तर चाकाला मिळणारी ओढ साधारण अकरा टक्क्यांनी वाढते आणि त्याच आवाजाला वेग दहा टक्क्यांनी उतरतो. इंजिनला हात लागत नाही, जास्त तापत नाही. मोकळा सायलेन्सर लावला की हवा जास्त जाते, मग जेट मोठा लागतो, तो नाही बदलला तर प्लग पांढरा पडून पिस्टन धरायची भीती. तसलं काही नाही. चार दाते आणि चेनच्या एक-दोन कड्या.

मला एकदम कळलं की आम्ही दिवसभर ‘ताकद’ हा एकच शब्द दोन अर्थांनी वापरत होतो. मला चढण दिसत होती, मामांना सपाटी. आणि हा उपाय दोघांच्या भीतीला उत्तर देत होता. पण मला त्यातून माझाही एक मुद्दा सापडला आणि तो मी सोडला नाही.

“मग ४१ चं स्प्रॉकेटच वेग खाली ओढतंय, तर स्क्रू थोडा सैल करायला काय हरकत आहे? चढणीवर खटका पूर्ण मिळेल आणि सपाटीवरचा वेग आहे तेवढाच राहील.”

“तेवढाच नाही राहणार. वाढेल.”

“थोडा.”

“थोडा म्हणजे किती, ते मोजून. वीसचा वेग तीस झाला, दीडपट, की ब्रेकला सव्वादोनपट काम पडतं. थांबायला जागा तेवढी लागते. तुझ्या रानात विहीर किती लांब आहे सांग.”

विहीर सपाटीच्या टोकाला, साठ पावलांवर आहे. मी सांगितलं नाही. त्यांना माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी मामा उद्यमनगरातून ४१ दात्यांचं स्प्रॉकेट घेऊन आले. अगदी तसंच मिळालं नाही, दुसऱ्या गाडीचं आणून मुलानं लेथवर मधलं भोक वाढवून दिलं आणि बोल्टची भोकं पाडून दिली. बसवलं, चेनमध्ये दोन कड्या घातल्या आणि मधोमध बोटभर ढील ठेवली. सपाटीवर २८. चढणीवर गाडी जांभळापाशी कण्हली नाही. मग आठ नंबरच्या पान्यानं लॉकनट सैल करून मामांनी स्वतः स्क्रू एक फेरा बाहेर काढला. सपाटीवर ३०. मी म्हणालो, दोन फेरे. ते म्हणाले, एकच. पोरीकडून लाल नेलपॉलिश मागून त्यांनी नटापासून हँडलच्या कवचापर्यंत एक बारीक रेष ओढली. नट फिरला की रेष तुटलेली दिसणार.

मग पोरगी एकटी चढणीवर गेली. अर्ध्यावर, जिथं दोन दिवस गाडी मरत होती, तिथं तिनं मुद्दाम ब्रेक दाबून थांबवली. माझ्या पोटात गोळा आला. तिनं मागे वळून चाकाकडे बघितलं, अंग पुढे टाकलं, खटका हळूहळू दाबला आणि गाडी जागेवरून पुढे निघाली. एक इंचही मागे आली नाही. हे तिला कोणी सांगितलं नव्हतं.

“दुसरा फेरा?” मी विचारलं.

“उतरून येऊ दे आधी,” मामा म्हणाले. “येताना बघ ती कुठं बसते.”

ती उतरताना पुढे झुकलेली होती. मामांनी माझ्याकडे बघितलं, काही बोलले नाहीत. पुढचा तासभर ते तिला उतारावर सीटच्या मागच्या कडेला बसायला, हात सैल ठेवायला आणि नजर चाकाऐवजी लांब ठेवायला शिकवत होते. मी विहिरीच्या बाजूला बाभळीच्या फांद्या आणि दगड रचून आडवा बांध घातला.

नाताळच्या सुट्टीत आम्ही परत रानात होतो. मामांचा फोन आला. खुशाली झाली आणि मग विचारलं, “रेष?”

“तुटली. अजून अर्धा फेरा सोडला.”

फोनवर थोडा वेळ शांतता.

“कुठं बघून सोडलास? सपाटीवर का उतारावर?”

“उतारावर. आता मागे सरकून बसते. न सांगता.”

“बरं,” मामा म्हणाले. “वेग मोजलास?”

“३२.”

“हं. टायरांचा घेर परत मोज. थंडीत हवा बसते.”

मी टेप आणायला आत गेलो.